यादी लागेपर्यंत काय करावे

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे नीटचा, निकाल लागलेला आहे आणि पहिल्या फेरीची यादी लागायला अजून अवकाश आहे. हा पालकांचा सुवर्णकाळ. मार्क हातात आहेत आणि कॉलेज नाही, म्हणजे तूर्तास देशातली सगळी मेडिकल कॉलेजं तुमचीच आहेत. यादी लागली की त्यातलं एकच उरतं, कधी तेही उरत नाही. तेव्हा तुरी बाजारात आहेत तोवरच भटणीशी काय भांडायचं ते भांडून घ्या.

सर्वात आधी मुलाला किंवा मुलीला या प्रकरणातून बाजूला करा. त्यांनी दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी केली, तीन तास बसून एकशेऐंशी प्रश्न सोडवले, त्यांचं काम संपलं. कॉलेज निवडणं हा मोठ्यांचा विषय आहे. इथून पुढे बोलताना प्रथमपुरुषी बहुवचन वापरा. ‘आम्हाला पाचशे बारा आहेत’, ‘आमचा एसएमएल (म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला नंबर) जरा खाली गेलाय’, ‘आम्ही डीम्डचा (म्हणजे खाजगी अभिमत विद्यापीठांचा) विचार करत नाही’. सारसबागेत सकाळी फिरायला जाणारे सहा गृहस्थ असं बोलताना ऐकले की पुण्यात पन्नाशीतल्या पुरुषांसाठी वेगळा कोटा निघालाय की काय, असं वाटू लागतं.

आता कॉलेजं. पुणेकरासाठी कॉलेजचा दर्जा हा घरापासूनच्या अंतराशी व्यस्त प्रमाणात असतो, हे सूत्र घट्ट धरा. स्टेशनजवळचं बी. जे. आपलंच. 1878 साली वैद्यकीय शाळा म्हणून सुरू झालं, 1946 साली कॉलेज झालं, शेजारी ससून रुग्णालय आहे आणि एमबीबीएसच्या अडीचशे जागा आहेत. एवढ्या अडीचशेत आपली एक नसेल का? हा प्रश्न गणिताचा नसून श्रद्धेचा आहे. महापालिकेचं कॉलेज 2022 साली सुरू झालं, ते मंगळवार पेठेत कमला नेहरू रुग्णालयाला जोडलेलं. म्हणजे दुपारी डबा पोचवता येईल. वानवडीचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज, तर येता-जाता दिसतं, त्यामुळे तेही आपलंच वाटतं. तिथे वेगळी चाळणी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि नंतर सैन्यदलात सेवा असा सगळा क्रम आहे, पण तो अर्ज भरल्यावर वाचावा. आधी वाचल्यास उत्साह कमी होतो.

यानंतर प्रत्यक्ष पाहणी. ती रविवारी दुपारी करावी. गाडीतून जावं, गेटवर ‘ॲडमिशनची चौकशी’ म्हणावं आणि पुढील गोष्टी बारकाईने पाहाव्यात: हिरवळ, कमान, हॉस्टेलच्या खोलीला जोडून बाथरूम आहे का, कॅन्टीनमध्ये डोसा मिळतो का, जिम आहे का. प्रेक्षागृह वातानुकूलित असेल तर आईने हळूच वडिलांकडे पाहावं. माहितीपत्रकात रोबोटचा फोटो असेल तर विषयच संपला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मात्र चुकूनही जाऊ नका. त्या वेळी ओपीडी चालू असते आणि ओपीडीत रुग्ण असतात. रुग्ण दिसले की पालकाचं मन विचलित होतं. ससूनमध्ये बाराशेच्या वर खाटा आहेत आणि तरी काही वॉर्डांत गादी जमिनीवर टाकावी लागते. केसपेपरची रांग, जिन्यात बसलेले नातेवाईक, फिनेलचा वास. अशा ठिकाणी आपलं बाळ शिकणार? त्यापेक्षा ते दुसरं बघा, जिथे वॉर्डातल्या चादरींना एक सुरकुती नाही. का नाही, हे विचारू नका. कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीचं पथक यायचं असलं की अशाच काही ठिकाणी खाटा एकाएकी भरतात, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अचानक पोटदुखीची साथ येते, आणि पथक गेलं की संध्याकाळच्या जेवणाआधी सगळे बरे होतात. असा गुण भल्याभल्या रुग्णालयांना येत नाही.

तरीही कुणी आगाऊ नातेवाईक म्हणेलच की डॉक्टरकी ही माणसं तपासून शिकायची गोष्ट आहे. कावीळ पुस्तकातल्या चित्रात पिवळी असते आणि वॉर्डात ती ट्यूबलाइटखाली ओळखावी लागते. हृदयातली मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, आधी दहा जणांच्या छातीवर ऐकू येत नाही आणि मग अकराव्याला एकदम येते. प्लीहा हाताला लागायची तर सुजलेली प्लीहा असलेला माणूस समोर हवा. अशा नातेवाइकाला चहा द्या आणि विषय बदला. त्याला सांगा, आता सगळं सिम्युलेशनवर असतं. रबरी पुतळा कधी ‘दुखतंय, दुखतंय’ म्हणत हात झटकत नाही, त्यामुळे अभ्यासही शांतपणे होतो.

पाहणीच्या वेळी इंटर्न नावाचा प्राणी भेटण्याचा धोका असतो. चुरगळलेला ॲप्रन, डोळ्यांखाली काळं, हातात रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे. त्याला टाळा. साडेचार वर्षं संपवून तो वर्षभराच्या इंटर्नशिपला लागलेला असतो आणि त्याच्याकडे खोटं बोलायला वेळ नसतो. सर वर्गावर येतात की फक्त हजेरीच्या मशीनवर, बाळंतपणं स्वतःच्या हाताने किती केली, टाके घालायला मिळतात की लांबून बघायला, विद्यावेतन वेळेवर येतं का, येतं तरी का, हे सगळं तो चहाच्या एका कटिंगमध्ये सांगून टाकेल. मग तुम्ही रविवारी काढलेले हिरवळीचे फोटो कुणाला दाखवणार?

माहिती हवीच असेल तर ती योग्य माणसाकडून घ्यावी. योग्य माणूस म्हणजे ज्याचा वैद्यकीय शिक्षणाशी संबंध येऊन किमान तीस वर्षं झाली आहेत. शेजारच्या काकांचा मेहुणा मिरजेला होता, तेव्हा मिरज उत्तम. बिबवेवाडीच्या आत्याच्या जावेच्या मुलाला सोलापूरचं ऊन बाधलं, तेव्हा सोलापूर बाद. हे लोक अजूनही ‘विदर्भाचा कोटा वेगळा असतो ना?’ असं विचारतील. सत्तर-तीसचा तो प्रादेशिक कोटा सरकारने 2020 मध्येच रद्द केला, हे त्यांना सांगू नका. वडीलधाऱ्यांचा मान राखावा.

याउपर पैसे असतील तर समुपदेशक गाठा. याच्याकडे एक एक्सेल शीट असते. तीच माहिती प्रवेश देणाऱ्या राज्याच्या सीईटी सेल आणि केंद्राच्या एमसीसीच्या संकेतस्थळांवर फुकट पडलेली असते, पण फुकट मिळालेल्या माहितीवर पुणेकराचा विश्वास बसत नाही आणि विकत घेतलेल्या माहितीची तो पावती मागतो. हा माणूस पावती देत नाही, म्हणजे नक्कीच आतल्या गोटातला असणार. तो मागच्या वर्षीचे कट-ऑफ दाखवेल. ते मार्कांतच पाहा, रँकमध्ये नको. 2024 साली आधी सदुसष्ट जणांना 720 पैकी 720 मिळाले होते. 2025 ला पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्याला 686 होते आणि सरकारी कॉलेजांचे कट-ऑफ शंभरावर मार्कांनी खाली आले. म्हणजे मागच्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचं कॉलेज ठरवणं हा शुद्ध कल्पनाविलास आहे, आणि या दिवसांत माणसाला कल्पनाविलासाचीच गरज असते. रँक पाहिली तर अंदाज बराचसा बरोबर येतो. मग रात्र घालवायची कशी?

आता मुख्य संस्कार: पसंतीक्रम भरणे. या सबंध प्रक्रियेत तुमच्या हातात असलेली ही एकमेव गोष्ट, म्हणून ती सर्वात आधी दुसऱ्याच्या हातात द्यावी. यंत्रणा अगदीच साधी आहे. गुणवत्ता यादीत तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या प्रवर्गात ज्या पहिल्या कॉलेजात जागा शिल्लक दिसेल ते देऊन मोकळा होतो. न मिळणारं कॉलेज वर लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. वर लिहिलेलं मिळालं तर मात्र खालचं तो वाचतच नाही. म्हणून खरंखुरं जे हवं ते वर लिहावं, हे कुणीही सांगेल. तुम्ही तसं करू नका. ‘मुंबईचं जीएस (केईएमचं कॉलेज) वर टाकलं तर आपली पसंती फुकट जाईल’ असं म्हणून ते काढून टाका. ‘जे मिळण्यासारखं आहे तेच वर घालू, म्हणजे पक्कं होईल’ असं म्हणत नको असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवा. ते खरोखरच पक्कं होईल. मग पुढच्या फेरीत बेटरमेंट, म्हणजे यादीतलं आणखी वरचं कॉलेज, मागायचं की स्टेटस रिटेन्शन भरून तिथेच थांबायचं, यावर घरात आणखी पंधरा दिवस रात्रीचं जेवण गार होईल.

पैशांचा विचार अगदी शेवटी करावा. सरकारी कॉलेजची वर्षाची फी आणि डीम्डची वर्षाची फी यांत एका फ्लॅटच्या डाउन पेमेंटइतका फरक असतो. डीम्डला नुसती एमसीसीकडे नोंदणी करायची तरी दोन लाख अनामत. फी विसाच्या पुढे लाखांत, तीही दर वर्षी. हे आकडे कळल्यावर ‘शिक्षणात आपण काटकसर करत नाही’ असं मोठ्याने म्हणावं आणि गावाकडच्या जमिनीचा सातबारा कुठे ठेवलाय ते आठवून पाहावं. सरकारी जागेला एक वर्षाच्या सेवेचं बंधपत्र असतं, त्याचा उल्लेख होताच मात्र आवाज चढवावा. अख्खं एक वर्ष खेड्यात? ज्या खेड्यातली जमीन विकून डीम्डची फी भरायची, त्याच खेड्यात मुलीने वर्षभर रुग्ण तपासायचे म्हणजे अन्यायच झाला.

(इथे कुणी आनंदीबाई जोशींचं नाव काढेल, पुण्यात काढतातच. त्यांनी 1883 साली बोटीत बसून थेट पेनसिल्व्हेनिया गाठलं, 1886 ला पदवी घेतली. त्यांच्यासमोर पसंतीक्रमाचा प्रश्न नव्हता. बायकांना घेणारं कॉलेज शोधावं लागत होतं. आज असत्या तर सोसायटीतल्या कुणीतरी विचारलं असतं, ‘ते ठीक आहे हो, पण तिथून पीजीचं काय?’)

पीजीचं काय, हा प्रश्न आत्ताच पडला पाहिजे. मुलीने अजून शरीरशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण ती रेडिओलॉजी करणार की डर्मा, हे नक्की करून ठेवा. कार्डिओ नको, रात्री उठावं लागतं.

मधल्या वेळात कागद जमवा. डोमिसाइल, नॅशनॅलिटी, नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी, रिपीटर असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. हे मे महिन्यातही होऊ शकलं असतं, पण सेतू केंद्रात गर्दी नसताना जाण्यात काय मजा? कागदपत्र तपासणीच्या आदल्या दिवशी जावं, सर्व्हर डाउन असावा, आणि रांगेत पुढे उभा असलेला गृहस्थ आपल्याच मुलाच्या क्लासमधल्या मुलाचा बाप निघावा. दोघांनी एकमेकांना मार्क विचारावेत आणि दोघांनीही दहा वाढवून सांगावेत.

वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका. फेऱ्या पुढे ढकलल्या जातात, कोर्टात काहीतरी असतं, यादी संध्याकाळी लागणार म्हणतात आणि लागते मध्यरात्री. गणपती बसतात, तरी यादी दुसऱ्या फेरीतच असते. आरतीला जमलेली मंडळी प्रसाद हातात घेऊन ‘कुठे मिळालं?’ विचारतील. ‘अजून फेऱ्या चालू आहेत’ हे एकच उत्तर सर्व प्रसंगी चालतं.

आणि मग एका रात्री पीडीएफ उघडते. बी. जे. नाही, एएफएमसी नाही, आत्याने बाद केलेलं सोलापूरही नाही. सरकारी मेडिकल कॉलेज, गोंदिया. पसंतीक्रमात एकविसावं, संख्या भरायची म्हणून समुपदेशकाने टाकलेलं. त्याला फोन करा. तो उचलणार नाही, आता तो पुढच्या वर्षीच्या पालकांबरोबर बसलाय. मुलगी मात्र उठून बॅग काढेल. तिने गोंदियाच्या एका सीनियरला केव्हाच मेसेज करून ठेवलेला असेल. तिथे पेशंट भरपूर असतात, एवढं तिला कळलेलं असेल. हे तिने आधी का सांगितलं नाही, असं तिला विचारू नका. महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्याहून थेट गोंदियाला जाते, स्लीपरला वेटिंग असेल, तरी काढा. मूळ कागदपत्रं वडिलांनी पोटाशी धरून बसावं. निघताना खाली काका भेटतील. पेढा तोंडात टाकतील, मान डोलावतील आणि म्हणतील, ‘गोंदिया? वा, वा. पण मग चंद्रपूर का नाही घेतलंत?’