‘काटा खाली आला की पाणी भरा’: एका फॉरवर्डची झाडाझडती

थंडी पडली की हा मेसेज फिरायला लागतो. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरबद्दल चार ‘सोपे उपाय’. बॉयलरखाली थोडं पाणी दिसणं साहजिक आहे. प्रेशरचा काटा खाली आला की पाणी भरायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर तो बदलायचा, आणि बदलेपर्यंत त्याच्या पाइपाला बूच मारायचं. एवढं करूनही गळत राहिलं तर गळती बुजवणारं द्रावण ओतायचं. यंदा तो मला तिघांनी पाठवला. यातला दुसरा उपाय मी स्वतः दोन हिवाळे इमानेइतबारे केलाय, तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क मलाही आहे.

पाणी भरण्याचंच आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथून सुरू होतं. आपल्या डोक्यात गिझर असतो. गिझरमध्ये रोज नवं पाणी येतं आणि नळातून निघून जातं. हीटिंगच्या बॉयलरमध्ये मात्र तेच ते पाणी खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरकडे जातं आणि परत येतं, वर्षानुवर्षं. बंद वर्तुळ आहे ते. रेडिएटरमधली हवा काढल्यावर काटा थोडा उतरतो, ते ठीक. पण दर आठवड्याला उतरत असेल, तर पाणी कुठून तरी बाहेर पडतंय, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या पाण्यातला ऑक्सिजन केव्हाच संपलेला असतो, म्हणून ते धातूला फारसा त्रास देत नाही. नळाचं ताजं पाणी १० अंशांना असेल तर त्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तो पोलादी रेडिएटर आतून खातो आणि त्याचा काळा, लोहचुंबकाला चिकटणारा गाळ होतो. हा गाळ पंपाची सील झिजवतो, व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतो. पाणी जड असेल तर प्रत्येक भरणीबरोबर थोडे क्षारही हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, बसतात. म्हणजे एका गळतीसाठी भरलेलं पाणी पुढच्या गळतीची तयारी करून ठेवतं. मी दर वेळी बॉयलरच्या कडेला पेन्सिलने तारीख लिहायचो. आधी महिन्याचं अंतर होतं, मग बारा दिवसांचं, मग चार. आकडे डोळ्यांसमोर असूनही मी नळ फिरवत राहिलो, हे कबूल करायला हवं.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. माझ्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने तो बदलला. नवा व्हॉल्व्ह तीन आठवड्यांत ठिबकायला लागला. मेसेज लिहिणाऱ्याचा घोळ नेमका हाच आहे: पाणी जिथून पडतंय तिथेच बिघाड आहे, असं धरून चालायचं.

पाणी तापलं की फुगतं. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर नेलं तर ते सव्वादोन लिटरच्या आसपास वाढतं. हे वाढीव पाणी सामावायला एक्स्पान्शन टँक असते: मध्ये रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. सायकलच्या ट्यूबमधली हवा न वापरताही उतरते, तशी हीही काही वर्षांत उतरते. मग फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. थंड असताना काटा १ ते १.५ बारवर (बार हे दाबाचं माप) असतो, तापल्यावर तो सरळ ३ बारच्या दिशेने पळतो. घरगुती बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बहुधा ३ बारलाच उघडतो. तो पाणी सोडतो, बॉयलर थंड होतो, काटा शून्याकडे येतो, आपण पाणी भरतो, आणि संध्याकाळी तेच चक्र पुन्हा. व्हॉल्व्ह बिचारा आपलं काम चोख करत असतो. वारंवार उघडून त्याच्या बैठकीत कचरा अडकला की मात्र तो नीट मिटत नाही; तेव्हा तो बदलावा लागतोच, पण टँक दुरुस्त केल्यावर.

दुसऱ्या माणसाने आधी टँकवरच्या टायरसारख्या व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स नाही, काही नाही. पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, म्हणजे टँकच बदलायची. माझी नुसती हवा गेली होती. त्याने बॉयलर थंड होऊ दिला, पाण्याचा दाब शून्यावर आणला (नाहीतर गेज पाण्याचाच दाब दाखवतं) आणि गाडीच्या टायरला हवा भरायच्या पंपाने १ बारपर्यंत हवा भरली. तुमच्या टँकचा आकडा वेगळा असू शकतो, तो तिच्यावर किंवा बॉयलरच्या पुस्तिकेत असतो. कडेला लिहिलेली शेवटची तारीख त्या दिवसाची आहे.

काटा चढण्याची आणखी दोन कारणं असतात. पाणी भरायचा नळ पूर्ण बंद होत नसणं हे एक. अंघोळीचं पाणीही तापवणाऱ्या बॉयलरमध्ये आतल्या प्लेट एक्स्चेंजरला छिद्र पडून नळाचं पाणी हीटिंगच्या पाण्यात शिरणं हे दुसरं. बॉयलर थंड असतानाही काटा वर सरकत असेल तर संशय या दोघांवर घ्यायचा.

आणि बूच? हे वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला होता. दाब निसटायची ती शेवटची वाट आहे. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि भांडं फुटलं की त्यातला बराच भाग एका क्षणात वाफ होतो. एका लिटर पाण्याची वाफ १,६०० लिटरहून जास्त जागा मागते. हा मेसेज ज्यांना पाठवलाय, त्यांना निदान एवढ्यापुरतं तरी उलट कळवा.

‘थोडं पाणी साहजिक’ यात मात्र अर्धं सत्य आहे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वापरतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की दीड लिटरहून जास्त पाण्याइतकी वाफ तयार होते, आणि तिचा बराच भाग पाणी होऊन प्लास्टिकच्या नळीने बाहेर जातो. नळीतून जाणं साहजिक. जमिनीवर येणं नाही. हे पाणी आम्लधर्मी असतं, आतले भाग आणि सर्किट बोर्ड खराब करतं. ओळखायला सोपं आहे: जमीन ओली, पण काटा दिवसेंदिवस हलत नाही, तर बहुतेक या पाण्याची, म्हणजे कंडेन्सेटची, नळी तुंबलीय किंवा तिचा जोड सुटलाय.

द्रावणाबद्दल फार लिहीत नाही. बारीक भेगेवर ते कधी चालतंही. पण झिजलेला वॉशर किंवा पंपाची सील त्याने बरी होत नाही, आणि हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं बारीक तोंड ते हमखास शोधून काढतं आणि बुजवतं.

त्यापेक्षा टिश्यू पेपर घ्या. बॉयलर पूर्ण थंड असताना प्रत्येक जोडाभोवती, रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या दांडीखाली कोरडा तुकडा गुंडाळा आणि सकाळी बघा. गरम पाइपावरचा थेंब दिसण्याआधीच वाळतो, म्हणून दिवसा तपासून काही सापडत नाही. तांब्याच्या जोडावर हिरवट खवला असेल तर तिथून बरेच दिवस झिरपतंय. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी घराबाहेर निघत असेल तर तिच्या तोंडाखाली रात्रभर डबा ठेवा. काहीच सापडलं नाही तर बंद बॉयलरखालचे, रेडिएटरकडे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाइपांवरचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर मिटवून काटा बघा. तरी उतरला तर गळती बॉयलरच्या आत आहे. कदाचित हीट एक्स्चेंजरला भोक पडून पाणी कंडेन्सेटबरोबर गुपचूप निघून जातंय. नाही उतरला तर पाइपांत शोधायचं, फरशीखालच्या पाइपांतसुद्धा. बॉयलरचं कव्हर मात्र उघडू नका: आत गॅस आणि वीज शेजारी शेजारी आहेत. तंत्रज्ञ आला की टँकमधली हवा तपासायला सांगा, आणि पाणी काढावं लागलं तर भरताना गंजरोधक टाकून घ्या.