पायलटची दाढी आणि आमचा फॅमिली ग्रुप

परवा साताऱ्याच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला, कॉकपिटच्या दारात उभा असलेला दाढीवाला पायलट, डोक्यावर टोपी नाही, टाय सैल, आणि खाली लिहिलेलं "हा विमान चालवणार की वडाप?" (वडाप म्हणजे आपली सीटा भरून धावणारी जीप.) झालं, रात्रीपर्यंत तेच. शिस्त राहिली नाही, आमच्या वेळचे कॅप्टन काय रुबाबदार असायचे वगैरे वगैरे.

मी राहते कॅनडात, व्हँकूवरला लागून असलेल्या बर्नाबीत, आणि इथे दाढीवाल्या पायलटकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही. पण आधी असं नव्हतं हां, एअर कॅनडात पायलटला दाढी बंदच होती आणि त्याला कारणही होतं, केबिनमधली हवा गेली तर ऑक्सिजन मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढीमुळे फट राहील ही भीती. मग त्यांनी काय केलं, आमच्या इथल्याच सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीकडून टेस्ट करून घेतली, वेगवेगळ्या लांबीच्या दाढीवाल्यांना मास्क लावून चेंबरमध्ये बसवलं आणि ऑक्सिजनच्या पातळीत काही फरकच पडेना. २०१८ मध्ये नियम बदलला, साडेबारा मिलिमीटरपर्यंत दाढी चालेल. मला हे फार आवडलं, म्हणजे दाढी नाही, कारण तपासून बघणं.

आता आपल्याकडचं बघा. टाटांकडे गेल्यावर एअर इंडियाने २०२२ च्या नोव्हेंबरात केबिन क्रूसाठी नियम काढले, पांढरे केस रंगवा, टक्कल पडत असेल तर रोज डोकं तुळतुळीत करा. ह्याला कुठला मास्क आडवा येतो? आणि खरं सांगू का, ढगात विमान गदागदा हलत असताना मला तर पिकलेल्या केसांचं माणूस समोर दिसलं की जास्त बरं वाटतं.

आणि तो रुबाब म्हणजे तरी काय, १९३० च्या दशकात पॅन अ‍ॅमने पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या पायलटना नौदलासारखा पोशाख दिला, त्याआधी चामड्याची जॅकेटं घालून उडवायचे. लोकांना विमानाची भीती वाटायची म्हणून जहाजाच्या कॅप्टनचा थाट उसना आणला, एवढंच. खांद्यावरच्या पट्ट्या मात्र हव्यात, चार म्हणजे कॅप्टन आणि तीन म्हणजे फर्स्ट ऑफिसर, कारण धूर भरल्यावर "उतरा" असं कोण ओरडतंय हे पॅसेंजरला एका नजरेत कळलं पाहिजे.

पण इथलं सगळं भारी असंही नाही. भारतात फ्लाइटआधी पायलटला ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकावं लागतं. इथे ड्युटीच्या १२ तास आधीपासून दारू नको असा नियम आहे खरा, पण रोज फुंकायला कोणी लावत नाही, सगळा भरवसा. प्रोफेशनल म्हणायचं तर मला आपलं फुंकणं जास्त प्रोफेशनल वाटतं, पण ग्रुपवर त्याचं कौतुक कोणी केलेलं मी आजवर वाचलं नाही, तिथे आपली टोपी नाही, दाढी आहे हेच चाललेलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, एवढं लांबलचक. काकांचं उत्तर आलं, "बरोबर आहे बाळ, पण टाय तरी नीट बांधावा की." फोटो परत उघडून बघितला, टाय खरंच फार सैल होता हो.