दार लागत नाही म्हणून मॅग्नेट बदलण्याआधी

सुट्या फळ्या आणून घरी जोडलेल्या कपाटाचं दार बंद राहत नसलं, की बहुतेक जण एकच उपाय करतात. आधीचं मॅग्नेट काढतात आणि जास्त ताकदीचं लावतात. मला हा उपाय मनापासून खटकतो. दार न लागण्याचं कारण मॅग्नेटच्या ताकदीत फार क्वचित असतं. ते असतं चौकटीत, बिजागरीत, नाहीतर मधल्या मिलिमीटरभर फटीत.

हे मॅग्नेट काम कसं करतं ते आधी बघा. प्लास्टिकच्या घरात फेराइट या चुंबकी पदार्थाची एक काळसर वडी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या. दारावर स्क्रूनं लावलेल्या लहानशा लोखंडी पत्रीला वडी सहसा टेकत नाही, टेकतात त्या पट्ट्यांच्या कडा. सगळं बल त्या दोन कडांशी एकवटलेलं असतं. पत्री दोन्हींवर एकदम सपाट बसली तरच पूर्ण पकड मिळते. एका कडेवर टेकून दुसरीपासून जरा उचललेली राहिली, तर पकड म्हणून पाकिटावर छापलेल्या किलोंना काही अर्थ उरत नाही. पत्रीवरचा रंगाचा थर, चिकटपट्टीचा तुकडा, पट्ट्यांना चिकटलेला लोखंडाचा कीस, पकड जायला एवढंही पुरतं. पुष्कळ पत्र्या एकाच स्क्रूवर थोड्या हलत्या ठेवायच्या असतात त्या यासाठीच. पत्रीला स्वतःहून कलून दोन्ही कडांवर बसता आलं पाहिजे. तो स्क्रू पिळून पिळून पत्री दाराशी जाम केलेली दिसली की मला वाईट वाटतं, कारण चांगली वस्तू तिथेच निकामी झालेली असते.

म्हणून सुरुवात मॅग्नेटपासून करूच नका. कपाट पाणसळीत आहे का बघा. मग चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरत नसतील तर कपाट गुण्यात नाही, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नाहीत, आणि त्याची दारं सरळ बसणार नाहीत. अशा कपाटांचा बराचसा ताठपणा त्यांच्या पातळ पाठीवर असतो. ती पाठ बहुधा तीनेक मिलिमीटरची असते, आणि कर्ण न मोजता ठोकली की तिरकेपणा कायमचा बसतो. खिळे काढा, चौकट गुण्यात आणा, पाठ पुन्हा ठोका. कंटाळवाणं काम आहे हे मान्य, पण करायलाच हवं.

मग बिजागरी. दाराच्या आतल्या बाजूला ३५ मिलिमीटरच्या गोल खड्ड्यात बसणारी बिजागरी असेल, तर दार डावीउजवीकडे, आतबाहेर आणि वरखाली सरकवायची सोय तिच्यात असते. स्क्रूड्रायव्हरच्या दोनचार फेऱ्यांनी जे सुटतं त्यासाठी लोक नवीन मॅग्नेट आणतात. शिवाय यातल्या कितीतरी बिजागऱ्यांत स्प्रिंग असते, ती दाराला शेवटच्या टप्प्यात आपण होऊन आत ओढते. दार थोडंसं उघडं ठेवून सोडून बघा. स्वतःहून लागत असेल तर त्याला मॅग्नेटची गरजच नाही, लावू नका. गरज असते ती बिनस्प्रिंगच्या साध्या बिजागरीला, किंवा उंच दाराला, ज्याचा एखादा कोपरा किंचित बाहेर आलेला असतो. किंचित म्हणजे दोनतीन मिलिमीटर. त्याहून जास्त वाकलेली फळी मॅग्नेटनं सरळ होत नाही.

आता जागा. मॅग्नेट बिजागरीपासून जितकं लांब, तितका त्याचा जोर दाराच्या कडेला जास्त जाणवतो. चार किलोची पकड असलेलं मॅग्नेट दाराच्या रुंदीच्या मध्यावर लावलं, तर मोकळ्या कडेला ती दोन किलोंसारखी भासते. तेच कडेजवळ नेलं तर जवळजवळ पूर्ण मिळते. म्हणजे ताकद वाढवायला पैसे लागत नाहीत, जागा बदलावी लागते. उंच दाराला मुठीच्या जवळपास एक लावा, किंवा वर आणि खाली अशी दोन लहान. मूठ मध्यावर आणि एकच दणकट मॅग्नेट वरच्या टोकाला असलं, तर दर वेळी उघडताना दार पिळवटतं आणि तो पीळ बिजागरीचे स्क्रू सोसतात.

बसवायची जी पद्धत मी सगळ्यांना सांगतो ती अशी. मॅग्नेटच्या घराला लांबट भोकं असतात. स्क्रू त्या भोकांच्या मध्यावर येतील असं धरा आणि अर्धवटच आवळा. पत्री मॅग्नेटवरच ठेवा, तिच्या पाठीला रंगीत खडू चोळा आणि दार लावून दाबा. दारावर जिथे ठसा उठेल तीच पत्रीची जागा. पत्री लावून झाली की मॅग्नेट पुढेमागे सरकवत दार लावून बघा. फार पुढे असेल तर दार फटीएवढं उघडं राहतं, फार मागे असेल तर पकडच येत नाही. नेमकं जमलं की मगच स्क्रू पक्के आवळा. दाराच्या कोपऱ्यांना आवाज होऊ नये म्हणून लावलेले पारदर्शक रबरी ठिपके असतील, तर ते लावूनच हे सगळं करा. दोन मिलिमीटरचा ठिपका दाराला मॅग्नेटपासून तेवढंच लांब ठेवतो आणि पुष्कळदा सगळी तक्रार एवढ्यातच असते.

पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेले लाकडाचे बारीक कपचे. त्यात स्क्रूची पकड एकदा गेली की आपोआप परत येत नाही. १६ मिलिमीटरच्या फळीला १२-१३ मिलिमीटरचा स्क्रू पुरे. आधी दोन मिलिमीटरचं भोक पाडा, आणि ड्रिलच्या बिटावर दहा मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळून घ्या म्हणजे ते आरपार जाणार नाही. शेवटच्या फेऱ्या हातानंच द्या. भोक आधीच सैल झालं असेल तर लाकडाच्या बारीक काड्या फेव्हिकॉलात बुडवून त्यात ठोसा, पूर्ण वाळू द्या, वरून कापून सपाट करा आणि मग नव्यानं भोक पाडा.

इतकं नीट केलं की लहान मॅग्नेट पुरतं, आणि लहानच असावं असा माझा आग्रह आहे. दार उघडणारे हात सगळे सारखे नसतात. माझ्या आईच्या बोटांना संधिवात आहे. सहा किलोंची पकड तोडायला तिला दोन्ही हात लावावे लागतात, आणि ज्या कपाटाला दोन हात लागतात ते ती हळूहळू वापरायचंच सोडून देते. घरातलं प्रत्येक माणूस दोन बोटांनी उघडू शकेल एवढीच पकड मला बरोबर वाटते. जास्त जोराचा आणखी एक धोका आहे. दार अडलं की माणूस हिसका देतो. उंच, हलकं कपाट भिंतीला पट्टीनं जखडलेलं नसेल, तर तो हिसका दारापाशी थांबत नाही, सगळं कपाट पुढे येऊ शकतं. मूल लोंबकळलं तर आणखीच. म्हणून उंच कपाट आधी भिंतीला बांधा, मॅग्नेटचं नंतर बघा.

दाबून उघडणाऱ्या कॅचबद्दल थोडक्यात. तो स्प्रिंगच्या बिजागरीवर लावू नका. कॅच दार बाहेर ढकलतो, बिजागरी आत ओढते, आणि दार तिथेच अडून बसतं. त्याला बिनस्प्रिंगची बिजागरी लागते.

गोंदानं चिकटवायच्या उघड्या निओडिमियम चकत्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. १९८० च्या दशकात आलेली ही चुंबकं फेराइटपेक्षा कितीतरी जोरदार असतात आणि दिसायला नीटनेटकी. पण गोंद सुटला की शर्टाच्या बटणाएवढी चकती जमिनीवर येते, आणि लहान मूल ती तोंडात घालतं. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात, मधला भाग चिमटतो आणि आतड्याला भोक पडू शकतं. असं काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा असतो. ज्या घरात लहान मूल आहे किंवा येतं जातं, तिथे प्लास्टिकच्या घरात बंद केलेलं, स्क्रूनं बसवलेलं मॅग्नेटच लावा. उघड्या चकत्या आधीच लावलेल्या असतील तर या आठवड्यात काढून टाका.

आणि ही कपाटं बनवणाऱ्यांना एक मागणी. मी पाहिलेल्या बहुतेक माहितीपत्रकांत मॅग्नेट शेवटच्या पानावर, एका चित्रात उरकलेलं असतं. कर्ण मोजा, ठिपके आधी लावा, पत्री हलती ठेवा, ही तीन चित्रं त्या पानावर सहज मावतील. पिशवीत एक जादा स्क्रूही टाका.