जोकराक रूल ना

कार्निव्हलच्या दिवसांत पणजीत गाडी घालू नये, असं सगळे सांगतात. पण आईला लागली असेल तर गाडी कुठे घालावी, हे कुणी सांगत नाही.

आम्ही कोल्हापूरहून गोकर्णाला निघालो होतो. १५ फेब्रुवारीची महाशिवरात्र, आणि आदल्या रात्री गोकर्णात मुक्काम हवाच, हा आईचा हट्ट. कार्निव्हलचा आणि शिवरात्रीचा काही संबंध असेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. पण आहे. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी, त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि त्याआधीचे चार दिवस कार्निव्हल. शिवरात्र अमावास्येच्या तोंडावर. दोन्ही कारभार चंद्राच्या हातात. २०२३ साली तर दोन्ही एकाच शनिवारी आले होते, १८ फेब्रुवारीला. यंदा एका दिवसाचं अंतर होतं, तेवढ्यात आम्ही सापडलो.

खरं तर मांडवीवरच्या अटल सेतूवरून सरळ मडगावची वाट धरायची होती. पण आई बांद्यापासून गप्प होती, आणि आई गप्प असली की गाडी लवकर थांबवावी लागते. पुलाजवळून आत वळलो. एका पोलिसाने हात डावीकडे केला, दुसऱ्याने उजवीकडे, तिसऱ्याने शिट्टी मारली, आणि आम्ही मांडवीकाठी जाऊन उभे राहिलो. पुढे थर्माकोलचा भला मोठा खेकडा होता. मागे ट्रॅक्टरवर एक आख्खं चर्च.

आता आमच्या गाडीबद्दल. टपावर गाद्या, त्यावर निळी ताडपत्री. ताडपत्रीला बांधलेली पितळी कळशी, कारण गोकर्णाचं तीर्थ आईला प्लास्टिकच्या बाटलीत चालत नाही. बॉनेटवर झेंडूचा हार. आणि या सगळ्यावर एक पिवळंधमक फुगवलेलं बदक. ते चिरंजीवांनी आंबोलीत चहा प्यायला थांबलो तेव्हा फुगवलं. त्यानंतर त्याचं बूच कुणालाही निघालेलं नाही.

खिडकीवर टकटक झाली. गवताची हॅट, गळ्यात ओळखपत्र, हातात वही, कानावर पेन. साठीचे गृहस्थ.

"फ्लोट नंबर?" फ्लोट म्हणजे मिरवणुकीतला सजवलेला चित्ररथ.

"आम्ही फ्लोट नाही."

त्यांनी वर बघितलं. बदकापाशी जरा थांबले. मग हार बघितला. मग आत वाकून, मांडीवर बेलाच्या पानांची जुडी घेऊन ताठ बसलेल्या आईकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

"थीम कितें?"

"थीम नाही हो. गोकर्णाला चाललोय. शिवरात्रीला."

"पिल्ग्रिमेज," असं म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं. "बरें आसा. पूण बदक कित्याक?"

मी बुचाची हकीकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, मध्ये एकदा "अरेरे"ही म्हणाले. मग विचारलं, "स्पॉन्सर कोण?"

"मीच."

"कंपनी ना?" त्यांचा चेहरा खुलला. "हल्ली सगळे कंपनीवाले, पात्रांव. मोबाइल विकतात, फ्लॅट विकतात, आणि वर चार पोरी नाचतात. तुमचं बरं. घरगुती." मग पेन सरसावून, "फॅमिली गट की क्लाउन अँड जोकर?"

माणसाने अशा वेळी गाडीतून उतरून निषेध करायचा असतो. मी म्हणालो, "फॅमिली!"

"फॅमिलीत नाच जाय. नाचतलो कोण?"

बायकोने काच वर घेतली. आईने गुडघ्यांकडे बोट दाखवलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा नाचतात लग्नात." मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुन्हा मोबाइलमध्ये गेले.

"मग जोकर," म्हणत त्यांनी पान उलटलं.

"अहो, मी जोकर कसा? टोपी नाही, नाकावर लाल गोळा नाही. इस्त्रीचा शर्ट आहे माझा!"

"जोकराक रूल ना," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि लिहिलं. मी उलटं वाचलं. एम एच ०९, पुढे कंसात 'बदक'.

"मला गाडी मागे घ्यायचीय."

"फाटीं वचूंक मेळचें ना. फाटीं इगर्ज." इगर्ज म्हणजे ते ट्रॅक्टरवरचं चर्च.

"मग पुढे?"

"फुडें मोमो आसा."

मोमो राजा म्हणजे या चार दिवसांचा धनी. गोवा मुक्त झाल्यावर १९६५ साली ही पणजीची मिरवणूक पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून दरवर्षी एक मोमो निवडतात आणि तो फर्मान काढतो: खा, पिये आनी मजा कर. माझं म्हणणं एवढंच की फर्मानात चौथं कलम नाही. खा म्हणता, पी म्हणता, शहरभर बिअरचे स्टॉल लावता, रस्ते बंद करता, आणि सत्तरीच्या बाईने जायचं कुठे? तीन हॉटेलांत विचारलं. पहिल्याने 'फक्त ग्राहकांसाठी'ची पाटी दाखवली. दुसऱ्याने टाळं. तिसऱ्याने आधी माझी नंबरप्लेट बघितली, मग "पाणी नाही" म्हणाला. गोव्यात महाराष्ट्राच्या गाडीकडे सगळे असंच बघतात, जणू डिकीत दारू आणि डोक्यात हवा एवढंच घेऊन आम्ही निघतो. डिकीत साबुदाणा होता.

आई मात्र खिडकीतून जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा बघत होती. झगेवाला माणूस हात पसरून उभा, खाली एक बाई कोसळतेय.

"मेला ढकलतोय की काय तिला?"

म्हटलं, हे आबे फरिया, १७५६ साली कांदोळीला जन्मलेले. संमोहनशास्त्रातलं मोठं नाव. बाईला झोपवतायत.

"मग मलाही झोपवा म्हणावं. गोकर्ण आलं की उठवा."

हे हॅटवाल्यांनी ऐकलं. वही काखेत मारली, दार उघडलं, "माई, चलात," म्हणून आईचा हात धरला आणि मागच्या बोळात त्यांच्या बहिणीच्या घरी घेऊन गेले. म्हणजे त्या माणसाला धड शिव्या घालण्याचीही सोय राहिली नाही.

तेवढ्यात खेकडा हलला. चर्चने हॉर्न दिला. आम्हाला पुढे जावंच लागलं. दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांचे मोबाइल वर, आणि कुठून तरी "बदक! बदक!" असा गजर सुरू झाला. मी सभ्य चेहरा ठेवला तर लोक जास्तच हसले. एका पोराने काचेतून माझ्या शर्टावर मूठभर रंगीत कागदाचे कपटे ओतले. शेवटी एका पोलिसाने अडथळा बाजूला सारून आम्हाला गल्लीत सोडलं. आई तासाभराने आली. तृप्त. हातात केळ्यांचा घड, डोक्यावर गवताची हॅट.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या साडूंनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्यात मी सोळा सेकंद आहे, बदक पूर्ण वेळ. खाली त्यांनी विचारलंय, "बक्षीस किती?"

जोकर गटाला बक्षीस असतं म्हणे. वहीत गाडीचा नंबर लिहून घेतलाय. मग निकाल कळवायला काय जातं?