मालकाकडून उत्तर: "सिगारेट लपवून ठेवतात, पंधरा मिनिटं उभं केलं" या रिव्ह्यूला

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी, गिऱ्हाईक नाराज होऊन पायरी उतरावं असं कुठल्याच दुकानदाराला वाटत नाही. पण पुढचं पण लिहितो, कारण तुमचा एक स्टार सगळ्यात वर दिसतोय आणि हल्ली माणूस सांगलीत मारुती रोडवर येऊन पण आधी मोबाईलमध्ये स्टार बघतो मग दुकानात शिरतो. आमचं सगळं घर या एका काउंटरवर चालतं.

तुम्ही लिहिलंय की सिगारेट समोर ठेवत नाहीत, मागितली की ड्रॉवरमधनं चोरीचा माल काढल्यासारखी काढतात, पंधरा मिनिटं उभं केलं, सुटी सिगारेट देत नाहीत, तंबाखूच्या पुड्या मात्र दारात लटकवल्यात, आणि असं लपवून कुणाची सिगारेट सुटत नसते, नुसतं ढोंग.

बाकीचं एक वेळ सोडून देतो पण पंधरा मिनिटं हे मनाला लागलं. रात्री शटर ओढल्यावर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बसलो, मिसेस म्हणाल्या जेवून तरी घ्या. तर सर, ७:४१ ला दुकानात तुम्ही आला नव्हता, तुमचा मुलगा आला होता. पाचवी-सहावीतला असेल. तुम्ही समोर गाडीत होता, गाडी चालूच होती, मागं रिक्षावाले हॉर्न मारत होते ते पण ऐकू येतंय. त्यानं पाकीट मागितलं, "पप्पांनी सांगितलंय" म्हणाला. मी म्हटलं बाळा, पप्पांना पाठव. तो गेला ७:४३ ला. मग तुम्ही फोनवर बोलत होता बहुतेक, कारण तुम्ही दुकानात आला ७:५२ ला, आणि पाकीट घेऊन बाहेर पडला ७:५५ ला. तीन मिनिटं! त्यातलं एक मिनिट तुमचं पेमेंट फिरत होतं, रेंजचा प्रॉब्लेम, त्यात माझा काय दोष. आणि संध्याकाळची गर्दीची वेळ, पुढं दोन मावशी उभ्या होत्या साबुदाणा घ्यायला, त्यांना बाजूला करून तुम्हाला आधी दिलं असतं तर त्यांनी एक स्टार दिला असता. पंधरा मिनिटं होतात ती गाडीतली धरून होतात.

मुलाला का दिलं नाही हे सांगायला लागू नये, तरी सांगतो. दुकानाच्या तोंडाशी ६० बाय ४५ सेंटीमीटरचा बोर्ड आहे, अठरा वर्षांखालच्याला तंबाखूजन्य पदार्थ विकणं गुन्हा आहे म्हणून. २००३ च्या तंबाखू कायद्यात त्याला २०० रुपये दंड आहे, त्याला कोण भीत नाही. पण २०१५ चा बाल न्याय कायदा आहे त्याचं कलम ७७ वाचा, मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. तुमच्या पाकिटामागं मला सुटतात किती आणि मी ते ७ वर्षांच्या बोलीवर का विकू? सुटीचं पण तसंच आहे, महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे. नाक्यावर मिळते हे मला पण माहितीय, नाक्यावरचा माणूस त्याचं बघेल. आणि ड्रॉवरमधनं काढतो म्हणून भाव जास्त लावतो असं कुणी समजू नये, पाकिटावर छापलेली किंमत तीच घेतो, पेमेंटचा मेसेज तुमच्याकडं असेलच.

आता मेन मुद्दा, लपवल्यानं काय होतं. आमच्याकडं पण आधी शोकेस होती. कंपनीचा माणूस यायचा, काचेचं खोकं स्वतः बसवून द्यायचा, आत लाईट, पाकिटं कुठल्या ओळीत कशी लावायची ते पण तोच ठरवायचा, आणि महिन्याला जागेचे पैसे वेगळे. ते खोकं बरोबर गोळ्या-चॉकलेटच्या बरण्यांच्या वर, ट्यूशनची पोरं पेन-वही घ्यायला यायची तर डोळ्यासमोर तेच. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णामाई ५७ फुटांवर गेली तेव्हा दुकानात माणूसभर पाणी होतं, फर्निचर फुगलं, ते खोकं पण गेलं. पाणी उतरल्यावर साफसफाई चालू होती तोवर कंपनीचा माणूस नवीन खोकं घेऊन हजर, आमच्या आधी त्याला घाई. मिसेसनी विचारलं, हे नुसतं दिसून काही होत नसेल तर हे लोक दिसण्याचे पैसे कशाला देतात? मला उत्तर आलं नाही. मग सुताराला ड्रॉवर करायला सांगितला. पूरग्रस्त माणसाला महिन्याचे आयते पैसे सोडणं सोपं नसतं सर, आणि त्याला तुम्ही ढोंग म्हणता.

तुमचं एक बरोबर आहे, तुमच्यासारख्या पक्क्या गिऱ्हाइकाची ड्रॉवरनं सुटत नाही. जो रोजचा आहे तो मागतोच, माझी रोजची गिऱ्हाइकं तेवढीच आहेत. कमी झाली ती "आणि हां, ते पण एक द्या" वाली, म्हणजे जो साखर घ्यायला आला आणि पैसे देता देता काचेकडं बघून म्हणायचा तो. मी काही रजिस्टर ठेवलेलं नाही, पण काउंटरमागं रोज मीच उभा असतो, मला कळतं. आमचे एक रिटायर्ड मास्तर आहेत, अँजिओप्लास्टी झाल्यापासून बंद केलीय, ते चहापूड घ्यायला मुद्दाम चार दुकानं ओलांडून आमच्याकडं येतात, म्हणतात तुझ्याकडं समोर दिसत नाही ते बरंय.

मुलगी पुण्यात शिकते, तिला तुमचा रिव्ह्यू पाठवला तर तिनं उलट मलाच वाचायला दिलं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात सिगारेट ओढणाऱ्यांना विचारलं होतं, ते २००८ साली छापून आलं. चारातला एक म्हणाला की मांडलेली पाकिटं बघून कधीतरी ठरवलेलं नसताना घेतली जाते, आणि वर्षभरात सोडायचा प्रयत्न केलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना ती बघून घ्यावीशी वाटली. आमच्या मास्तरांचं पण हेच. आइसलँडनं २००१ मध्येच दुकानातली मांडणी बंद केली, इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना २०१२ आणि आमच्यासारख्या छोट्यांना २०१५ पर्यंत मुदत दिली. आयर्लंडमध्ये जुलै २००९ ला सगळं झाकलं, आणि खरं ते सांगतो, ओढणारे लगेच कमी झाले नाहीत. हे तुमच्या बाजूचं झालं, घ्या. पण तिथल्या पोरांना आधी आणि नंतर विचारलं, तुमच्या वयाची किती मुलं ओढतात? पाचातल्या एकापेक्षा जास्त ओढतात असं आधी ६२ टक्के पोरांना वाटायचं, झाकल्यावर ४६ टक्के. म्हणजे सगळेच ओढतात हे जे पोरांच्या डोक्यात बसतं ते जरा हललं. ड्रॉवर त्यांच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही, तुम्ही मागा, मी देईन.

तुमच्या मुलानं त्या दिवशी पाकीट मागितलं तेव्हा नाव बरोबर सांगितलं, रंग सांगितला, मोठं की छोटं ते पण. ते तो माझ्या दुकानात बघून शिकला नाही. तेवढं एक मला ड्रॉवरमध्ये घालता येत नाही.

कायद्यानं आपल्याकडं सगळं झाकायलाच पाहिजे असं नाही, पोरांच्या हाताला सहज लागेल असं मांडू नका एवढं नियमात आहे. २०२० मध्ये कायदा बदलायचा मसुदा आला होता, मांडणी पूर्ण बंद आणि वय २१ करायचं, त्याला दुकानदारांनी विरोध केला, मी पण विरोधातच होतो. माझ्या मनानं मी झाकतो ते वेगळं, पण नियम झाला की तपासणी येते आणि मग ड्रॉवर किती इंच उघडा होता यावरनं भांडण. असो, तो वेगळा विषय.

राहिल्या पुड्या. हे तुम्ही बरोबर बघितलं, आणि खरं तर आपल्या भागात सिगारेटपेक्षा हाच धंदा मोठा. २०१६-१७ चा सरकारी सर्व्हे आहे, महाराष्ट्रात ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि तंबाखू, मिश्री, मावा असलं तोंडात धरणारे २४.४ टक्के. शेतावर जाणारा माणूस सकाळी सायकल न थांबवता हात पुढं करतो, त्याला ड्रॉवर उघडून देत बसलो तर रांग लागेल आणि परत पंधरा मिनिटांचा रिव्ह्यू येईल. तरी त्या पुड्या जरा आत सरकवायचं डोक्यात आहे, सुतार दिवाळीनंतर बघू म्हणालाय, जागेचा पण प्रश्न आहे. बघतो काय जमतंय ते. संध्याकाळच्या गर्दीला एक पोरगा ठेवायचं पण चाललंय, १८ पूर्ण झालेला बघतोय कारण तोही नियम आहे.

एवढं लिहिलं त्याचा राग मानू नका. वडिलांनी हे दुकान काढलं तेव्हापासून कुणी आम्हाला ढोंगी म्हटलं नव्हतं, म्हणून जरा जास्त झालं असेल. रेकॉर्डिंग बघायचं असेल तर या, मी दाखवतो, पण मुलगा आहे त्यात म्हणून इथं टाकणार नाही. आणि पटलं तर तो पंधरा मिनिटांचा शब्द तेवढा काढा, बाकी स्टार तुमच्या मनावर. तुम्ही घाईत काड्यापेटी काउंटरवर विसरलात, पैसे दिलेले आहेत, बाजूला ठेवलीय. रविवारी दुपारनंतर बंद असतं.