फळांचं व्हिनेगर म्हणजे नुसतं महागडं ॲसिड नव्हे

'कुठलंही व्हिनेगर घ्या, आत शेवटी ॲसिटिक ॲसिडच. फळांच्या नावाखाली लूट चालते. बाटलीत जाळी दिसली की ते सडलं समजा. आणि लिंबू, चिंच, कोकम असलेल्या घरात त्याचं कामच काय?' असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य खोडण्यासारखं आहे.

ॲसिटिक ॲसिड सिंथेटिक आणि फळांच्या, दोन्ही व्हिनेगरमध्ये असतं, एवढं खरं. पण सिंथेटिक व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं ॲसिड. फळाच्या रसात आधी यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, मग हवेच्या साथीने जिवाणू त्याचं आम्ल करतात. या प्रवासात फळाचा गंध, रंग आणि स्वतःची आम्लंही मागे उरतात. द्राक्षाच्या व्हिनेगरमध्ये टार्टारिक आम्ल असतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि सिंथेटिकच्या लेबलवर तसं छापणं बंधनकारक आहे. तेव्हा लूट होतेय का, हे नावावरून नाही, लेबल वाचून ठरवा. सावकाश आंबवायला वेळ लागतो, फळं लागतात. किंमत त्याची असते. पनीर फाडायला किंवा सिंक घासायला मात्र स्वस्त पांढरंच घ्या.

जाळीला 'मदर' म्हणतात. जिवाणूंनीच विणलेला तो सेल्युलोजचा पडदा आहे. तो गाळून टाका किंवा पुढच्या रसाला विरजण म्हणून वापरा. हिरवी-काळी केसाळ बुरशी ही वेगळी गोष्ट, ती दिसली तर सगळं फेकायचं.

आता कामाचं. लिंबाचा आंबटपणा लख्ख आणि क्षणिक, चिंचेचा जड. फळांच्या व्हिनेगरला आंबवलेला गंध असतो, तो या दोघांकडे नाही. गोव्याला हे कुणी शिकवायला नको: माडाच्या सुरेचं (आंबलेल्या रसाचं) व्हिनेगर घातलेलं सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं तिखट कालवण, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त मुरतं. सूर फळाची नव्हे, पण तत्त्व तेच. मेक्सिकोत अननसाच्या सालींचंही व्हिनेगर करतात.

गंधाची संयुगं उकळताना आधी उडून जातात, म्हणून चांगलं व्हिनेगर गॅस बंद केल्यावर घाला. जांभळाचं व्हिनेगर बीटाच्या कोशिंबिरीत, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. सफरचंदाचं, भाजलेल्या भोपळ्यावर चमचाभर, गुळाच्या कणासोबत. उसळीत कडधान्य शिजण्याआधी घालू नका, दाणे कडक राहतात. हिरव्या भाजीत घातलंत तर रंग मळकट होतो.

घरी केलेल्या व्हिनेगरची आम्लता मोजलेली नसते. ते टिकाऊ लोणच्यात घालू नका, कोशिंबिरीत आणि सरबतात वापरा. आंबवायला काचेची बरणी घ्या, पितळ किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको.