मोडलं नाही, खाल्लं

गौरी-गणपतीत गिरगावला आत्याकडे गेले होते. तिथला माझा मोदक खातानाचा फोटो पाहून एका मैत्रिणीने विचारलं, "तू व्हिगन झालीस ना गं? मग हे तूप?" प्रश्न प्रेमाने विचारला होता, पण गेले आठ-नऊ महिने हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतेय. म्हणून इथे नीट लिहिते.

जानेवारीत रक्त तपासलं तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७४ आलं. माझ्या वडिलांना पन्नाशीच्या आत पहिला अटॅक आला होता, त्यामुळे तो आकडा वाचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. डॉक्टर म्हणाले, आधी सहा महिने आहार आणि चालणं सांभाळून बघा, नाहीतर गोळी सुरू करू. आहारतज्ज्ञांशी बोलून मी दूध-दुभतं, अंडी आणि मासे सगळंच बंद केलं. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं हे मला माहीत होतं. पण रक्तातलं एलडीएल वाढवण्यात त्याहून मोठा वाटा सॅच्युरेटेड फॅटचा असतो, आणि तूप, लोणी, साय, चीज यांत ते भरपूर असतं, हे तेव्हा कळलं.

सगळ्यात अवघड गेला तो चहा. पहाटे पावणेसहाचा आल्याचा चहा ही माझी तीस वर्षांची सवय. सोयाचं दूध घातलं तर आल्याने फाटायचं. शेवटी गवती चहा घालून कोराच प्यायला लागले. महिनाभर तो प्यावा लागला, मग आवडायला लागला. रविवारी घरात सुरमई तळली जाते तेव्हा सासूबाई मला आधी वाढून देतात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाकरी. त्यांनी हे न सांगता सुरू केलं, त्याचं मोल मला फार आहे.

बाकी आपल्या जेवणात व्हिगन पदार्थ शोधावे लागत नाहीत. पिठलं, ठेचा, आमटी-भात, मटकीची मिसळ, हापूस, भेळ, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. वडापावसुद्धा व्हिगनच, आणि म्हणूनच सांगते, व्हिगन म्हणजे आपोआप पथ्याचं असं नाही. नारळाचंही तसंच. सोलकढी मला जीव की प्राण, पण नारळातही सॅच्युरेटेड फॅट पुष्कळ, म्हणून ती आठवड्यातून एकदाच. महागडं व्हिगन चीज आणून पाहिलं, त्याच्या पाकिटावर पहिल्या दोन-तीन घटकांतच खोबरेल तेल होतं. माझ्या आजाराला त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा वर्षातून चार वेळा खरं ते थोडंसं खावं, या मताची मी झाले आहे.

हे मत सहज झालेलं नाही. पहिले दोन महिने मी अगदी कडक राहिले. मार्चमध्ये ऑफिसात एकाच्या निरोपसमारंभाला मावा केक आला, आग्रह झाला, खाल्ला. घरी येताना लोकलमध्ये डोक्यात एकच वाक्य, "आता मोडलंच आहे." त्या रात्री बासुंदी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बन मस्का. तिसऱ्या दिवशी पनीर. पंधरा दिवस सगळं सुटलं, आणि एका केकच्या तुकड्याने जे झालं नसतं ते त्या पंधरा दिवसांनी झालं. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा दोष त्या शब्दात दिसला. "मोडलं" हा शब्द उपासाचा. व्रत मोडतं, कारण ते देवाला दिलेलं वचन असतं. माझा आहार वचन नाही, औषध आहे. एक दिवस गोळी चुकली तर कोणी गोळ्यांची बाटली फेकून देत नाही, दुसऱ्या दिवशी वेळेवर घेतं. "चीट डे" हा शब्दही मला नको वाटतो. कोणाला फसवतेय मी?

प्राण्यांसाठी जे व्हिगन झालेत त्यांचं वेगळं आहे. त्यांच्यासाठी तो चमचाभर तुपाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. माझं बोलणं माझ्यासारख्या, तब्येतीसाठी बदललेल्यांपुरतं.

आता मी आधी ठरवते. केव्हा, कुठे, किती. आणि जे खायचं ते बसून, ताटलीत घेऊन, सगळ्यांसमोर. फ्रीजचं दार उघडं ठेवून उभ्याने खाल्लेला पेढा तोंडात कळतच नाही. डबा घरी आणत नाही. ऑफिसातल्या वाढदिवसाची पेस्ट्री सरळ नको म्हणते, ती तेवढ्या योग्यतेची नसते.

तर तो मोदक. मोदक तसा व्हिगनच, तांदळाची उकड, ओलं खोबरं, गूळ, वेलची. आत्याच्या उकडीत चमचाभर तूप असतं, आणि वरची धार ती वेगळीच. आत्या एक्क्याऐंशीची आहे, अजून कळ्या स्वतः पाडते. मी म्हटलं, "आत्या, मी तूप सोडलंय गं." ती म्हणाली, "माहितीय. एकच घे, पण नीट खा." मोदकाचं टोक तिने बोटांनी अलगद काढलं, वाफ वर आली, आणि त्या भोकात तिने चमच्याने तूप सोडलं. गूळ आतून चकाकला. मी तो एक मोदक दहा मिनिटं खाल्ला. दुसरा मागावासा वाटला नाही, हे खरं सांगते.

ऑगस्टमध्ये तपासलं तेव्हा एलडीएल १२६ होतं. चालणंही आहे त्यात, फक्त आहाराचं श्रेय नाही. बी-१२ ची गोळी डॉक्टरांनी लावून दिलीय, कारण वनस्पतींतून ते भरवशाचं मिळत नाही. दूध सोडणाऱ्या प्रत्येकाने ते तपासून घ्यावं. आणि ज्यांची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे त्यांनी माझं वाचून ती बंद करू नये.

बाजारात एक लक्षात ठेवा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. व्हिगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह आहे, हिरव्या रंगातलं इंग्रजी व्ही. हॉटेलात मात्र विचारावंच लागतं, डाळीच्या फोडणीत बटर आहे का, पाव कशावर भाजलाय.

आता कोजागिरी येतेय. सोसायटीच्या गच्चीवर दरवर्षी मोठ्या पातेल्यात दूध आटतं, केशर आणि चारोळी घालून. दूध आटवणाऱ्या काकूंना मी आत्ताच सांगून ठेवलंय, माझा अर्धा पेला बाजूला ठेवा.